अक्काची केळीबंदी

सुंदरबाई माझी थोरली जाऊ. अख्खी गल्ली तिला अक्का म्हणते आणि वचकून असते.

पाचोऱ्याला आमची केळीची बाग आहे. तरी घरात कुणाला दिवस गेले, की अक्का पहिली बंदी घालायची ती केळ्यावर. केळं थंड. दहीही थंड, बाळाला सर्दी होते. वांगं वातूळ, डाळीने पोट फुगतं. मग उरतं काय? पांढरा भात आणि अक्काचं भाषण. माझ्या वेळी मी शेतात पंपाच्या खोलीमागे लपून केळी हाणायची. मुलगा धडधाकट झाला. त्याचं श्रेय अक्काने भाताला दिलं.

यंदा नंबर लागला तिच्या सुनेचा, दिपमालाचा. सातव्या महिन्यात ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी दोंडाईच्याला गेली. मला वाटलं, सुटली पोरगी. कसलं काय! अक्का रोज संध्याकाळी विहीणबाईंना, वच्छलाबाईंना फोन लावून सगळी बंदी पुन्हा बजावायची. त्या बिचाऱ्या मुलीकडच्या. सासरचा शब्द मोडणार कशा?

मग तिकडून फोन आला, पोटातल्या बाळाचं वजन वाढत नाही. अक्का विहिणीवर भडकलीच.

"पोरले उपाशी मारी राह्यनी ती!"

तिने मला बरोबर घेतलं आणि गाडी धरली. भांडायला जातानाही विहिणीसाठी केळ्यांची फणी पिशवीत घालायला ती विसरली नाही.

आम्ही थेट दवाखान्यात पोचलो. वच्छलाबाई दिपमालाला घेऊन तिथेच आल्या होत्या. डॉक्टरबाईंनी दिपमालाला विचारलं, काय खातेस?

"भात," ती हळूच म्हणाली.

"नुसता भात? अगं, तुझ्या जेवणावर बाळाचा मेंदू घडतोय. तुझ्या पोटात चांगले जंतू असतात, त्यांनाही डाळी, भाज्या, फळं, दही हवं. बाळाला पहिले जंतू बहुतेक आईकडूनच मिळतात."

"जंतू?" अक्का दचकली. मग थोडा विचार करून म्हणाली, "म्हंजे इरजन?"

"तसंच समजा."

विरजण म्हटल्यावर अक्काला पुढचं शिकवायला नको. अर्ध्या गल्लीचं दही तिच्याच विरजणाने लागतं. ती गर्रकन विहिणीकडे वळली.

"पोरले दही का बरं नही दिनं?"

"तुम्हीनच ते फोनवर सांगेल व्हतं!" वच्छलाबाई म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी अक्काकडे पाहिलं. मीही पाहिलं, हा मुहूर्त मी कशाला चुकवू! अक्का पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.

"मनी चूक व्हयनी," ती म्हणाली.

या घरात आल्यापासून हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"अजून वेळ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजपासून नीट खाऊ घाला."

बाहेर बाकावर बसताच अक्काने पिशवीतलं एक केळं सोलून दिपमालाच्या हातात दिलं. तिने ते दोन घासांत संपवलं. मग दुसरं, मग तिसरं. आणि एकदम सासूकडे बघून रडायलाच लागली.

"आई, माले गंज भूक लागे. पन सांगू कोनले?"

अक्काने तिला जवळ ओढलं. तिचेही डोळे भरले, माझेही. मग अक्काने पदराने नाक पुसलं आणि एक केळं माझ्यापुढे धरलं.

"ले, तू बी खाय. आते पंपमांगे लपानी गरज नही."