लुकाप्पाचा दगड आणि माझी माती

लुकाप्पा गेला तेव्हा मी घोड्याच्या शेपटीला माती लावत होतो. नांदेडच्या दवाखान्यातून त्याच्या शेतमालकाचा, बसवंतरावांचा फोन आला. "मन्मथकाका, लुकाप्पा गेले वो." मी "बरं" म्हणालो आणि शेपूट पुरी केली. लातुरात पुतळे करणाऱ्याला रडायला सवड नसते. जयंती जवळ आली की गिऱ्हाईक दारात ठाण मांडून बसतं. शिवाय मला राग आला होता. चांगला आपल्या फ्रान्सात मरायचं सोडून हा बाबा इथं कशाला मेला... आता इथले लोक त्याचं काय करतील, हे मला तेव्हाच दिसत होतं.

भूकंपानंतर घरं बांधायला परदेशी माणसं आली, त्यांत हा होता. बाकीची गेली, हा राहिला. नाव लूक. आपल्याकडं कुणाचं नाव धड ठेवायची पद्धत नाही, त्याचा लुकाप्पा झाला. शिरूर अनंतपाळच्या अलीकडं बसवंतरावांच्या शेतात पत्र्याच्या शेडमध्ये राहायचा आणि काळा दगड घासत बसायचा. त्याच्या देशात म्हणे त्याचं मोठं नाव होतं, प्रदर्शनं भरायची. भरत असतील. तिकडं लोकांना रिकामा वेळ फार. त्याच्या कामाला ना नाक ना डोळा. अमूर्त शिल्प म्हणतात त्याला. मी बटाटा म्हणायचो, त्याच्या तोंडावर. मराठी तो दालमिलच्या हमालांकडून शिकला, त्यामुळं कलेक्टरलाही अरेतुरे. एकदा माझ्याकडं एका पुढाऱ्याचा अर्धपुतळा चालू होता. पोरांनी बापाची छाती दोनदा फुगवून घेतली होती, मिशी वर वळवून घेतली होती. लुकाप्पानं फोटो बघितला, पुतळा बघितला. "मिस्तरी, हा मानूस असा होता?" म्हणालो, "नव्हता. पोरांना असा पाहिजे." "मग हा कोन हाय?" "गिऱ्हाईक हाय," मी म्हणालो. तो पोट धरून हसला, मला मात्र दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

शिरूरच्या फाट्यावर त्यानं एकच दगड उभा केला. छातीएवढा उंच, एका अंगानं फुगलेला, दुसऱ्या अंगानं खोलगट. लोक विचारायचे, "काय हाय हे, लुकाप्पा?" तो म्हणायचा, "दगड हाय." पुण्याहून एक समीक्षक आले, अवकाशाशी संवाद वगैरे बोलले, घाम पुसून परत गेले. त्यांनाही हेच उत्तर. त्या दगडाला टेकून लोक एसटीची वाट बघतात. म्हातारे पाठ टेकवतात, बाया पाटी टेकवतात, शेळ्या अंग घासतात. खोलगट बाजू माणसांच्या पाठींनी लख्ख झाली. मी टोमणा मारला, "तुझ्यापेक्षा लोकांनीच बरा घासला की." तो एकदम खूश. "हाव. मी नुसती सुरवात केली." असल्या माणसाचा अपमान तरी कसा करायचा?

तिसऱ्या दिवशी फाट्यावर श्रद्धांजलीचं बॅनर लागलं. लुकाप्पाचा फोटो आधारकार्डावरचा, कोपऱ्यात. मधोमध रातोरात निघालेल्या स्मारक समितीचे अध्यक्ष, हात जोडून. या गृहस्थांचं खताचं दुकान आहे आणि नगरपंचायतीला उभं राहायचं आहे. लुकाप्पाशी ते जन्मात एकदा तरी बोलले असतील तर शपथ. ते माझ्याकडं आले. "काका, फ्रान्सचा मानूस आपल्या मातीत मेला. फाट्यावर पुतळा पाहिजे. कोट घाला, टाय घाला."

"फाट्यावर त्याचा दगड आहे," मी म्हणालो.

"त्येच तर! चबुतरा आयता हाय. वरून जरा सपाट करून घेऊ."

ज्यानं उभ्या जन्मात एक चेहरा केला नाही, त्याचंच टायवालं मुंडकं त्याच्याच दगडाचा माथा छाटून वर बसवायचं! असं डोकं फक्त आपल्या पुढाऱ्यांचं चालतं. त्या दगडाला मी आयुष्यभर हसलो, पण तो माझा हक्क होता, त्याच्याशी भांडून भांडून कमावलेला. या खतवाल्यानं तो कधी कमावला? तरी मी "करतो" म्हणालो. नाही म्हटलं असतं तर ते दुसरीकडं गेले असते आणि आठवड्यात फायबरचा मुखडा घेऊन आले असते.

आमच्या धंद्यात पुतळा आधी मातीत करतात. माती पसंत पडली की साचा, मग ओतकाम. तोवर माती वाळू द्यायची नाही, तडकते. ओलं पोतं पांघरून ठेवायचं, रोज पाणी मारायचं. पुतळा झाल्याशिवाय दगडाला छिन्नी लावू नका, मापं चुकतात, असं मी अध्यक्षांना बजावलं. खोटं होतं, माप कधीही घेता येतं. निवडणूक उरकली की यांना लुकाप्पा कोण हेही आठवणार नाही. तोवर माती ओली राहिली पाहिजे, बस. रोज फोन येतो, "काका, झालं का?" रोज सांगतो, "करायलोय."

चेहरा मला येत नाही असं नाही. ते वाकडं नाक, दगडाच्या भुकटीनं पांढऱ्या झालेल्या भुवया, एका बैठकीत काढीन. पण रोज सकाळी पोतं काढतो, मातीवर हात ठेवतो आणि नाक काही लावत नाही. सरळ सांगतो, मला त्याची आठवण येते. माझ्या कामाला तोंडावर खोटं म्हणणारा दुसरा माणूस लातुरात नाही. बाकीचे सगळे हार घालतात.

परवा अध्यक्ष न विचारता आत शिरले आणि त्यांनी पोतं उचललं. खाली गोळा. एका अंगानं फुगलेला, दुसऱ्या अंगानं माझ्या तळव्यांनी खोलगट झालेला.

"काका, काय हाय हे?"

"माती हाय," मी म्हणालो. "वल्ली हाय अजून."

त्यांच्या हातातून पोतं घेतलं, नीट पांघरलं आणि वरून तांब्याभर पाणी मारलं.