कोरसमधला चौथा आवाज

सुदाम मंगळवारी सकाळी गेला. फोन त्याच्या बायकोचा, कमलवहिनींचा होता. मी मेहकरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याला घरी न्यायची तयारी चालली होती.

त्याला काही आठवडे झाले. सुदामवर लिहायला बसतो तेव्हा शाळेतला भौतिकशास्त्राचा मास्तर आधी आठवायला हवा, पण आठवतो तो निवृत्तीनंतरचा सुदाम. डोणगावच्या घरातल्या पुढच्या खोलीत पाटावर रेकॉर्ड प्लेअर मांडून बसलेला. त्याच्याकडे रेकॉर्डी पुष्कळ होत्या, पण जीव एकीवरच. त्याचे वडील, आबा, गायन पार्टीत कोरसला असत. पार्टी एकदाच मुंबईला जाऊन दोन जयंतीगीतं रेकॉर्ड करून आली. वर नाव मुख्य गायकाचं. मागे चार जण गातात, त्यांतले एक आबा. दुसरीकडे कुठेही त्यांचा आवाज नाही. सुदामला त्या चौघांतून आबा वेगळे ऐकायचे होते.

रेकॉर्डवरून सुई उचलते तो आवाज अगदी क्षीण असतो, आणि रेकॉर्ड करतानाच त्यातला खर्ज दाबून टाकलेला असतो. तो मोठा करून खर्ज जागेवर आणणारा एक लहानसा डबा लागतो, फोनो प्रीॲम्प. सुदामचं म्हणणं, चार आवाज एकात एक मिसळतात की सुटे ऐकू येतात ते या डब्यावर ठरतं. त्याने दोन आणले. एक काळा, साधा. दुसरा तपकिरी, काचेच्या नळ्यांचा, जो तापायलाच वेळ घ्यायचा. मग दर रविवारी मला बोलावणं. आबांचं गाणं प्रत्यक्ष ऐकलेले गावात आम्ही दोघेच उरलो होतो. त्यांची एक खूण होती. ओळ संपली, बाकीचे थांबले, तरी त्यांचा आवाज जरा मागे रेंगाळायचा...

कोणता डबा चालू आहे हे कळलं तर कान फसतात, असं तो म्हणे. म्हणून मध्ये चादर टांगलेली. चादरीपलीकडे वहिनी. सुदामने "बदल" म्हटलं की त्यांनी आवाज कमी करून पिना या डब्यातून त्या डब्यात घालायच्या. वहिनी ते करत, पण बोलल्याशिवाय नाही. बाजारात भाजीला आपल्याला एक दुकान पुरतं आणि यांना एका गाण्याला दोन डबे लागतात, हे त्यांचं ठरलेलं. मला तर फरक कळतच नसे, आणि मी तसं सांगायचो. त्यावर सुदाम म्हणायचा, "लायब्ररीत बसून बसून तुह्या कानाले बुरशी लागली बे." मी त्याला विचारायचो, तुला तरी कळतो का? तो पुन्हा सुई पहिल्या ओळीवर ठेवायचा.

एका रविवारी मात्र वेगळं झालं. आधी काळ्या डब्यावर ऐकलं. काही नाही, नेहमीचा गलका. सुदाम "बदल" म्हणाला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, बदलला का वं? पलीकडून हो आलं. गाणं सुरू झालं आणि तिसऱ्या कडव्याच्या शेवटी सुदामने माझं मनगट धरलं.

"आला. आयकला का बे? आबाच हायेत."

मीही ऐकलं होतं. तीन आवाज थांबले आणि एक मागे राहिला. मी हो म्हणालो. सुदाम भिंतीकडे तोंड करून रडला. त्याच दिवशी त्याने वहिनींकडून काळा डबा काढून घेतला आणि जुन्या धोतरात गुंडाळून कपाटात टाकला. पुढे शेवटपर्यंत तपकिरीच वाजत राहिला, आणि दर वेळी त्या जागी आम्हांला आबा भेटत राहिले.

सुदामच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे गेले, तेव्हा सुदामचा मुलगा आनंद मला विचारायला लागला. रेकॉर्ड त्याला पुण्याला न्यायची होती. ज्या डब्यावर आजोबा ऐकू येतात तोही न्यायचा होता. मुलीला ऐकवायचं म्हणाला, तिचे पणजोबा. मी तपकिरीकडे बोट दाखवलं. वहिनी दारात उभ्या होत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "त्या दिशी म्या डबा बदललाच नव्हता. मांगच्या दारी दूधवाली आवाज देऊन राह्यली होती. मी गेली. परत आली त यायनं इचारलं, बदलला का? मी म्हणलं, हो. मले वाटलं, काय फरक पडते."

मी त्यांना विचारलं, मग नंतर सांगितलं का नाही.

"काऊन सांगू? त्यायले बाप भेटला होता."

म्हणजे ऐकलं ते काळ्याच डब्यावर. ज्या डब्यावर घटकाभरापूर्वी काही नव्हतं. आणि नंतर इतके रविवार तपकिरीवर जे ऐकलं ते काय होतं? डब्यात फरक नव्हता, की आमच्यात पडला होता? आम्ही आबांना ऐकलं, की एकमेकांना हो म्हणालो? आनंद वाट पाहत होता. मी वहिनींना दोन्ही डबे लावायला सांगितले. या वेळी चादर नव्हती, पिना माझ्यासमोर बदलल्या. काळ्यावर तिसऱ्या कडव्याच्या शेवटी आवाज रेंगाळल्यासारखा वाटला. तपकिरीवरही वाटला. पण दोन्ही वेळा त्या जागी येण्याआधीच मनगटावर सुदामची पकड जाणवली, आणि पुढे कानांनी काय केलं ते मी सांगू शकत नाही.

आनंदला मी तेच सांगितलं. तो चिडला नाही. काका, मग तुम्हांला खात्री होईपर्यंत रेकॉर्ड इथेच राहू दे, म्हणाला, आणि रिकाम्या हातांनी गेला.

रविवारी मी अजून जातो. वहिनी चहा ठेवतात, मी सुई ठेवतो. कधी काळा, कधी तपकिरी. आबांचा आवाज ओळखू शकेल असा आता मी एकटा आहे, आणि मला अजून खात्री नाही.