पाण्याच्या गाडीला पाणी

लग्न होऊन मी भंडाऱ्याकडच्या खेड्यातून भिलाईला आले, तेव्हा कारखाना अजून उभा राहत होता. आम्ही मजुरांच्या कॅम्पात पत्र्याच्या खोलीत राहायचो. हे पाण्याचा टँकर चालवत. टँकर आला की साऱ्या बाया घागरी घेऊन धावायच्या, आणि ड्रायव्हरची बायको म्हणून मला उगाच मोठेपण वाटायचं. खुद्द त्यांच्याशी मात्र मी अजून धड बोललेही नव्हते. 'हो', 'नाही', 'वाढू का', एवढंच.

ऐन वैशाखात टँकरच्या इंजिनातला पाण्याचा पंप गेला. पंख्यामागून पाणी गळायचं, इंजिन तापायचं. शेवटी टाकी रिकामी असतानाच गाडी आमच्या खोलीसमोर बंद पडली. यांनी वर्कशॉपमधून दुसरा पंप आणला आणि तिथेच कामाला लागले.

आधी रेडिएटरखालची तोटी सोडली. मी खाली घमेलं धरलं. तांबूस, गंजकं पाणी येऊ लागलं.

"पाणी कावून सोडून राहिले?" आपणहून विचारलेला माझा तो पहिला प्रश्न.

"पंप काढाचा हाय तं पाणी सोडाच लागते. नाई तं सारं माह्या अंगावर येईन." ते हसले. "पण फेकू नको हं."

मी ते जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळून ठेवलं. यांनी नवा पंप बसवला, पट्टा ताणला. गाळलेलं पाणी ओतून इंजिन थोडं चालवलं आणि पुन्हा तोटी सोडली. आतला सारा गंज धुऊन आला. आता चांगलं पाणी हवं होतं. आमचं मडकं रिकामं केलं तरी रेडिएटर अर्धाही भरला नाही.

"शेजारी मागून पाह्य," हे म्हणाले.

माझे पाय हलेनात. गावी विहिरीवर आम्हाला चढू देत नसत. आई घागर घेऊन लांब बसायची, कुणाला दया आली तर वरून ओतायचं. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो, पण माझ्या पायांना ते अजून कळलं नव्हतं.

यांनी हात पुसले. "मी येऊ का संगं?"

"नाई. मीच जातो."

शेजारी उतईकडची एक छत्तीसगडी बाई राहायची, विटा वाहायच्या कामावर होती. ती तांदूळ निवडत बसली होती. मी दारात बादली धरून उभी राहिले, ती ओतेल म्हणून.

"हेर ले न," ती म्हणाली. काढून घे.

मी तशीच उभी. मग तिला आमची जात सांगूनच टाकली.

"जानथंव," ती म्हणाली. माहीत आहे. उठून तिने तांब्या माझ्या हातात दिला. "गाड़ी चलही तभे त पानी आही." गाडी चालेल तेव्हाच तर पाणी येईल.

दुसऱ्याच्या मडक्यात मी पहिल्यांदा हात घातला. पाणी गार होतं. माझे डोळे भरून आलेले तिने पाहिले. तिने मडकं तिरपं करून धरलं, तळचंही निघावं म्हणून.

यांनी झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे यायचे, पाणी खाली बसायचं, की मी तांब्याने आणखी घालायची.

"आतली हवा निघून राहिली," ते म्हणाले. "घाई नको करू."

बुडबुडे थांबले. त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि गाडीचं दार उघडून धरलं.

"चाल, बस. वाटेत पाणी पाहाले कोणी पायजे ना."

कोणी नको होतं, हे मलाही कळत होतं. मी उरलेल्या पाण्याची बादली पायाशी घेऊन बसले. कॅम्प मागे पडल्यावर यांनी बाभळीच्या सावलीत गाडी थांबवली, पंपाखालून हात फिरवून पाहिला. कोरडा होता. झाकण उघडण्याआधी इंजिन गार व्हायला हवं, म्हणून आम्ही झाडाखाली बसलो. त्यांनी माझ्या आईबद्दल विचारलं. मी बोलू लागले ती थांबेचना. विहिरीचं, शाळेचं, आईच्या हातच्या भाकरीचं, सगळं सांगितलं. इंजिन केव्हाच गार झालं असेल. ते उठले नाहीत.

टँकर भरून परतलो तेव्हा रिकाम्या घागरी घेऊन बाया तणतणत होत्या, एवढा वेळ कुठे लावला म्हणून.

"नवा पंप हाय," हे खाली मान घालून पाइप जोडत म्हणाले. "सांभाळून आणला."