माझ्या भावांचं वावर

आठवीच्या मुलांना इंग्रजीतला अनेकवचनी मालकीहक्क शिकवणं हा माझ्या डोक्याला दरवर्षीचा ताप. एका मुलाची वस्तू असली तर वरचा कॉमा एसच्या आधी, अनेक मुलांची असली तर एसच्या नंतर. एवढंच आहे, पण मुलांना वाटतं की मॅडमची लहर फिरेल तिथे हा कॉमा लटकवायचा असतो. काही जण सावधगिरी म्हणून दोन्हीकडे देतात, हवा तो मॅडम घेतील. त्यात 'चिल्ड्रन' आणि 'विमेन' आहेतच. ते मुळातच अनेक, म्हणून त्यांना कॉमा पुन्हा एसच्या आधी. हे सांगितलं की मागच्या बाकांवरून उसासे ऐकू येतात.

पुस्तकातली उदाहरणं आमच्या कामाची नाहीत. 'मुलींची खोली' म्हणावं तर वर्गातल्या एकाही मुलीला वेगळी खोली नाही. आमची शाळा केळझरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत. पोरांचं बोलणं बैल, सोयाबीन आणि बांधावरची भांडणं यांच्याभोवती फिरतं. म्हणून मी घरचीच उदाहरणं घेते. मामांचे बैल, शेजाऱ्यांची विहीर. एकदा एकानं 'माझ्या काकूंचं भांडण' असं वाक्य केलं आणि कॉमाही बरोबर जागी दिला. दोन काकू असल्याशिवाय भांडण होणार कसं, असं त्याचं म्हणणं. मी त्याला पूर्ण गुण दिले.

माझं स्वतःचं एक ठरलेलं उदाहरण आहे. धिस इज माय ब्रदर्स फील्ड. फळ्यावर दोन माणसं काढायची, मध्ये एक चौकोन, चौकोनात तुरीच्या ओळी. भाऊ दोन, वावर एक, म्हणून कॉमा एसच्या नंतर. वडील होते तोवर मी त्याच वावराचं एकवचनी वाक्य करायची, माय फादर्स फील्ड. ते गेल्यावर वाक्य बदललं, आणि ते बदलताना मला काही खुपलं नाही.

मागच्या वर्षी हेच शिकवताना एक मुलगी उठून उभी राहिली. हुशार आहे, जरा आगाऊ आहे. "मॅडम, मंग त्या वावरात तुमचं काहीच नाई का?"

एरवी मी अशा प्रश्नाला खडूचा तुकडा फेकून मारला असता. पण त्या दिवशी मला चक्क बरं वाटलं. खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, "होता की हिस्सा. मी स्वखुशीनं सोडून दिला. भावाच्या ताटातलं बहिणीनं ओढू नये." दोनतीन मुलींनी माना डोलावल्या. घंटा झाली तेव्हा मी फार मोठी बाई होऊन वर्गाबाहेर पडले.

आमच्याकडे ही रीतच आहे. बाप गेला की बहिणी हक्कसोड करून देतात, भाऊ त्यांना साडीचोळी करतात, आणि गावात त्या बहिणीचं नाव निघतं. मी काही जगावेगळं केलं नव्हतं. पण स्वखुशी म्हणाल तर तसं काही घडलं नव्हतं. मी सगळ्यांत मोठी, भाऊ दोघंही माझ्याहून लहान. त्यांतल्या थोरल्याचा फोन आला, "ताई, सोमवारी सेलूले येजो, रजिस्ट्रीचं काम हाये." देशील का, असं कुणी विचारलंच नाही. पोरांच्या रजेच्या अर्जातसुद्धा लाल पेनानं चुका काढणारी मी, पण तो कागद वाचला नाही. धाकटा बोट ठेवत गेला, "इथं, आता इथं," आणि मी सह्या करत गेले. नंतर तिघांनी टपरीवर तर्रीपोहे खाल्ले. तिघांत मीच जास्त हसत होते.

मनात होती ती भीती. नाही म्हटलं तर माहेर तुटेल, वहिनी पाण्याचा पेला न बोलता समोर ठेवतील, भाचे रस्त्यात तोंड फिरवतील. महिन्याला पगार घेणारी बाई एवढ्याला भ्याली, याची लाज वाटत होती, म्हणूनच मी त्या सह्यांना त्याग म्हणू लागले. म्हणता म्हणता मला ते खरंही वाटायला लागलं होतं.

काही दिवसांनी मधल्या सुट्टीत त्या मुलीची आई शाळेत आली. नवरा वारल्यावर मुलीला घेऊन ती माहेरी परतली होती. दोन भावांच्या घरात मागची एक खोली, आणि दिवसभर त्याच घरच्या वावरात काम. मला वाटलं, मुलीच्या मार्कांचं विचारायला आली असेल. ती टेबलापाशी उभीच राहिली.

"मॅडम, तुमी हिस्सा सोडला म्हणते पोरगी. तिनं घरी सांगतलं, थे माह्या भावाइनं आइकलं. आता रोज तेच म्हणून राह्यले, येवढ्या शिकल्या-सवरल्या मॅडम, त्याईनं देऊन देल्ला, मंग तुले काय झालं? उद्या मले सईले नेतो म्हणते. थे वावर गेलं तर आमी मायलेकी कोणाच्या भरोशावर राहाव?" मग थोडं थांबून तिनं विचारलं, "तुमी खरंच खुशीनं देल्ला का?"

बाजूचे दोन शिक्षक डबा खाता खाता थांबले. मी म्हणाले, "हो. खुशीनंच."

"बरं," ती म्हणाली आणि निघाली.

मी डबा तसाच टाकून उठले. सायकली लावतात तिथे मी तिला गाठलं. धाप लागली होती. "खोटं बोलले मी," म्हटलं. "मला कुणी विचारलंच नव्हतं. मी भ्याले होते. तुम्ही सही करू नका."

मला वाटलं होतं, तिला धीर येईल, निदान डोळे तरी भरतील. ती शांतपणे म्हणाली, "मंग हेच घरी येऊन सांगसान का? माह्या भावाइले तुमचंच लागून राह्यलं."

संध्याकाळी मी गेले. जाताना कायदा, मुलींचा समान हक्क, सगळं मनात घोकून गेले. तिच्या मोठ्या भावानं खाट टाकली, चहा ठेवायला सांगितलं. मी बोलले. वर्गात बोलते तसं, मुद्द्यामागून मुद्दा. मी खुशीनं दिला नव्हता, हेही सांगितलं. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाला, "मॅडम, हे तुमच्या भावाइले सांगतलं का तुमी?"

मी म्हणाले, "नाही."

"मंग आधी त्याईले सांगा. मंग आमच्या घरी या."

तो चिडला असता तर मला बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाशी मला भांडता येतं. पण तो सरळ बोलत होता, आणि त्याचं बरोबर होतं. हातातला चहा ना पिता येईना, ना ठेवता.

तेवढ्यात चुलीपाशी बसलेली ती बोलली. मान वर न करता, भाकर थापता थापता. "मॅडमचं मॅडमपाशी. मी सई नाई करत, दादा. मले कापून टाका, पण नाई करत."

आणि तिनं केली नाही. घरात आता तिची चूल वेगळी आहे. वहिन्या बोलत नाहीत, भाऊ कामापुरतं बोलतात. मुलगी शाळेत येते, पहिल्या बाकावर बसते, मला काही विचारत नाही. तिच्या आईला धीर दिला असं मी कुणाला सांगू शकत नाही. मी धीर द्यायला गेले आणि माझीच तिला अडचण झाली, आणि ती अडचण बाजूला सारून तिनं तिचं काम केलं.

भाऊबीजेला मी माहेरी गेले. बसमध्ये सबंध वाट वाक्यं जुळवत होते. जमीन परत मागायची नव्हती. फक्त एवढंच सांगायचं होतं की तुम्ही मला विचारायला हवं होतं. ओवाळून झालं, सगळे जेवायला बसले. धाकट्याचे सासरेही आले होते. थोरला त्यांना माझ्याकडे बोट करून म्हणाला, "आमची ताई पाहा. कायची सई घेऊन राह्यला, येवढं सुदिक इचारलं नाई. अशी बहीण नशिबानं भेटते."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. थोरल्याच्या आवाजात कुठेही खोट नव्हती, तो खरंच सुखात होता.

मी त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढली. म्हटलं, "घे रे, तुझ्यासाठीच केल्या."