वरचा काशीराम

काशीराम शिगवणाला माणसांचा मनस्वी तिटकारा होता, आणि नोकरी मिळाली ती नेमकी स्टँडवर. कुठला स्टँड ते सांगत नाही, रत्नागिरी जिल्ह्यातलाच एक समजा. ब्याऐंशी सालापासून तो तिथे कंट्रोलरच्या खोलीत माईकपुढे बसून गाड्या पुकारायचा. एवढं गळा फाडून सांगितलं, की लगेच कोणीतरी खिडकीत तोंड घालून विचारायचंच, "वेळणेश्वर गाडी कधी हो?" काशीरामच्या मते या लोकांना देवाने कान दिले होते ते फक्त विडी अडकवायला.

शेवटी वैतागून त्याने खिडकीच्या काचेला आतून पुठ्ठा लावला. खाली पंजा आत जाईल एवढी फट ठेवली. तोंडं दिसायची बंद झाली आणि त्याला जरा बरं वाटलं. यायचा मागच्या फाटकाने, जायचा मागच्या फाटकाने. चहासुद्धा कँटीनवाला त्या फटीतूनच आत सरकवायचा. घरी त्याची बायको चिमा म्हणे, "दिवसभर बोलताव म्हणून घरात मुके काय?"

पण एक गोष्ट होती, आणि ती मात्र मानायला हवी. गाडी स्वतःच्या डोळ्यांनी फलाटावर बघितल्याशिवाय त्याने तिचं नाव कधी घेतलं नाही. पुठ्ठा लोकांच्या बाजूला होता. फलाटाकडची खिडकी गाड्यांच्या वाटेवर होती, तिथे माणूस फिरकत नसे; ती त्याने सताड उघडी ठेवली होती. गाडी बंद पडली तर तेही तो तोंडावर सांगायचा, "वेळणेश्वर गाडी बंद पडली आहे, उगाच ताटकळत बसू नका, गुहागर गाडीने जाऊन फाट्यावर उतरा." त्यामुळे खाडीपलीकडच्या वाड्यांपर्यंत एकच बोललं जायचं, काशीरामने सांगितलं म्हणजे झालं. हे त्याच्या कानावर यायचं. तो नाक मुरडायचा, पण त्या दिवशी आवाज जरा जास्तच खणखणीत लागायचा. माणसांवर थुंकणाऱ्या या माणसाने आयुष्यात जपलं असेल तर एवढंच, आपला शब्द.

दोन हजार चार साली डेपोच्या साहेबांनी यंत्र मागवलं. मुंबईच्या कंपनीची दर्शना नावाची इंजिनिअर बाई लॅपटॉप घेऊन आली. आता वेळापत्रक यंत्रात घालायचं, वेळ झाली की यंत्र आपोआप पुकारणार. तिने नमुना म्हणून मुंबईच्या कोणा माणसाचा आवाज वाजवून दाखवला. तो गृहस्थ गावांची नावं औषधाच्या बाटलीवरून वाचावीत तशी वाचत होता. काशीरामच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हे भिकार बंद करा," तो म्हणाला. "माझा आवाज घ्या."

झालं, स्वतःच्या हाताने पायावर धोंडा. साहेबांना तेच हवं होतं. तीन दिवस काशीराम त्या बाईपुढे बसून एकशे चाळीस गावांची नावं, फलाटांचे नंबर आणि तासमिनिटं बोलत होता. प्रत्येक नाव तिसऱ्यांदा म्हणायला लावलं तरी चिडला नाही, उलट आपणच म्हणे, परत घ्या, शेवटचं अक्षर पडलं. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "गाडी बंद पडली आहे, हे कधी घेणार?"

"ते नाही लागणार, काका. यंत्र वेळापत्रकावर चालतं."

"आणि गाडी कशावर चालते?"

दर्शना हसली. वाईट नव्हती बिचारी. म्हणाली, "ही सुरुवात आहे, काका. पुढे तिकिटं यंत्र देईल, कुठली गाडी कुठे सोडायची ते यंत्र ठरवील. एक दिवस तर दोन वाक्यं ऐकली की तुमच्याच आवाजात वाट्टेल ते बोलेल. असल्या बऱ्याच नोकऱ्या राहायच्या नाहीत."

"मग ऐकायला तरी माणसं ठेवणार, की तीपण कंपनीतूनच आणणार?" काशीरामने विचारलं आणि डबा उचलून चालता झाला. त्याला खात्री होती की हे खेळणं पावसाळाभर टिकायचं नाही.

यंत्र टिकलं. माईक काढून टाकला आणि काशीरामला मागच्या फाटकावर गाड्यांचे नंबर टिपायला बसवलं. तिथून त्याला दिवसभर स्वतःचाच आवाज ऐकू यायचा, आणि गाडी असो नसो, तो आवाज मिनिटाला मिनिट जुळवून बोलायचा. पहिल्या आठवड्यात दोनदा लोक नसलेल्या गाडीसाठी धावले. काशीराम साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, "अरे, पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे व्हायचंच. तुझी आता जबाबदारी नाही ना, मग झालं तर." साहेबांची अक्कल किती ते काशीराम वीस वर्षं जाणून होता. तो परत फाटकावर येऊन बसला, पण त्याला जेवण गेलं नाही.

गणपतीनंतरच्या एका बुधवारी वेळणेश्वरची शेवटची गाडी त्याच्या डोळ्यांदेखत वर्कशॉपमध्ये इंजिन उघडून पडलेली होती. मेकॅनिक म्हणाला, उद्या सकाळशिवाय नाही. आणि पावणेपाचला वर भोंग्यातून काशीरामचाच आवाज घुमला, "प्रवाशांनी लक्ष द्यावे, वेळणेश्वरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे." शेजारच्या फलाटावर गुहागर गाडी सुटायच्या बेतात होती.

काशीराम उठला. बावीस वर्षांत पहिल्यांदा तो पुढच्या बाजूने फलाटावर आला आणि ओरडला, "वेळणेश्वरवाले, ती गाडी यायची नाही. गुहागर गाडीत बसा, फाट्यावर उतरा."

दोनचार जणांनी मान वळवून बघितलं आणि परत वळवली. बाकावर एक म्हातारी बसली होती, यमुनाबाई म्हणून, मांडीवर पिशवी आणि पिशवीत नातवाच्या तापाचं औषध. काशीराम तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"आजी, उठा. ही शेवटची संधी आहे. वेळणेश्वर गाडी बंद पडलीय."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. डोळ्यांनी बघून आलोय."

"वर काशीराम सांगतोय ती येतेय म्हणून. तो खोटं बोलायचा नाय. नातवाला औषध द्यायचं हाय बाबा, मला उगाच फसवू नको."

"अहो, मीच काशीराम."

म्हातारीने त्याच्याकडे पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं. अशा नजरेने आजवर फक्त काशीराम लोकांकडे बघत आला होता.

"तू?" ती म्हणाली. "काशीराम आत असतो. तो बाहेर येत नाय कधी. जा, दुसऱ्या कोणाला बनव."

गुहागर गाडीच्या कंडक्टरने घंटी दिली. काशीराम तिच्या पिशवीला हात लावणार होता, पण तिने ती पोटाशी धरली. त्याने कंट्रोलरच्या खोलीकडे बघितलं. खिडकीच्या काचेला त्याने लावलेला पुठ्ठा अजून तसाच होता.

गुहागर गाडी गेली. यमुनाबाई बाकावर बसून राहिली, आणि वरून काशीरामने तिला पुन्हा खणखणीत आवाजात सांगितलं, की वेळणेश्वरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे.