वखारीत पाठ केलेली औटकी

निपाणीतल्या आमच्या बोर्डाच्या शाळेला कुणी नावं ठेवली, की मी आजही भांडायला उठते. छप्पर गळायचं, खडूचा तुकडा मिळायची मारामार, सगळं खरं. पण तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्यांच्या पोरींना सरकारी खर्चानं शिकवणारी दुसरी जागा आम्हाला कुठं होती?

सकाळी शाळा, दुपारी आईबरोबर वखार. हातानं पानाची मधली शीर ओढून काढायची आणि तोंडानं पाढे म्हणायचे. मी पुढं, आई मागून. तिला अक्षर येत नव्हतं, पण पाढ्यांना अक्षर लागतं कुठं!

आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, बजावून ठेवलं होतं, "चौथी पास झालीस तर बघू. न्हाय तर दिवसभर वखार."

परीक्षा घ्यायला दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, आले. हाताची घडी घालून उभं राहायचं, असा दंडक. त्यांनी औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा, म्हणायला सांगितला. पहिला औट निघाला आणि पुढं ठणठणाट. हात बांधले तसं डोकंही बंद पडलं. साहेबांनी पुढच्या पोरीकडं मान वळवली. मला रडूच फुटायचं बाकी राहिलं.

आमचे मास्तर तापट, पण आम्हाला पुरते ओळखून होते. साहेबांच्या स्वागताला बांधलेलं आंब्याचं तोरण त्यांनी खस्सकन ओढलं आणि माझ्या हातात कोंबलं. "शिरा काढ गं. काढत काढत म्हण."

मी पहिलं पान फाडलं. सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा... कुठंही न अडखळता औटकी संपली. साहेबांच्या पायाशी हा एवढा कचरा! ते पोट धरून हसले आणि मला पास केलं. त्या मास्तरांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

संध्याकाळी आप्पा कुरकुरले, "पाचवीची शाळा दिवसभर. मग वखारीत हिचं काम कोण करणार?"

"मी करतो की," आई म्हणाली.

आईनं मला जवळ ओढलं. आता शाबासकी मिळणार, असं मला वाटलं.

"पाचवीत काय शिकवत्यात ते रोज घरी येऊन सांगायचं गं," ती म्हणाली. "तू वखारीत न्हाईस, तर मी पुढचं शिकायचं कसं?"