घरी येऊन शिक्षा

हसणार नाही असं कबूल करा, तरच सांगतो. करत नाही? बरं, हसा! माझ्या पोटातलं दुखणं तेवढंच हलकं होईल.

दुखणं म्हणजे दिनेश. कॉलेजातला माझा जुना मित्र. आम्ही दोघंही गणिताच्या शिकवण्या घेतो. मी हिंगण्याला, तो रामदासपेठेत. पण मोबाइलवर 'नागपूर गणित शिकवणी' असं शोधा, वर कोण? दिनेश! बोट सरकवून सरकवून घट्टे पडतील, तेव्हा कुठे मी.

जेवताना घास उतरेना. बायको म्हणाली, "काहून असं तोंड करून राहिले?"

"वांगं खाजरं आहे."

ताटात वरणभात होता हो!

मग कुठंतरी वाचलं, की वेबसाइटच्या पानाच्या पोटात शब्द लपवलेले असतात. कीवर्ड म्हणतात त्यांना. लोक काय शोधतील, ते आपण आधीच तिथं लिहून ठेवायचं. वाचणाऱ्याला दिसत नाहीत, पण कॉम्प्युटरवर पानाचं पोट उघडून बघता येतं. मी तडक दिनेशच्या पानाचं पोट फाडलं!

त्याची पानं तीन. इंग्रजी, हिंदी, मराठी. आणि तिन्हींत शब्द वेगळे! मराठीच्या पोटात मोजके, हिंदीच्या पोटात गाडाभर. म्हटलं, लेकाचा खरा माल हिंदीत दडवून बसलाय! सगळा उचलला आणि माझ्या मराठी पानात ओतला. 'बच्चों को'चं 'मुलांना' केलं, 'घर पर'चं 'घरी येऊन' केलं. 'शिक्षा' तशीच राहू दिली. आपण नागपूरचे, अर्धा दिवस हिंदीतच जातो. कोणाच्या डोक्यात येतं? जोशात मथळाही तोच ठोकला: 'घरी येऊन उत्तम शिक्षा! मुलांना आणि मोठ्यांनाही!'

आणि फोन आला की! खापरखेड्याहून एक बाई.

"घरी येऊन शिक्षा देता, ते तुमीच का जी?"

"मीच, मीच!"

"मोठ्या माणसाले बी?"

"वयाची अट नाही, ताई."

"माह्या नवऱ्याले द्यायची हाये."

बघा, केवढे प्रगत विचार! मी विचारलं, "कशात कच्चे आहेत?"

"सगळ्यातच! दूध उतू गेलं तरी मोबाइल सुटत नाही."

"एकाग्रता कमी आहे. होते."

"मारता का?"

"छे छे! प्रेमानं. पण सराव कडक."

"चालते. उद्या या. त्यायले सांगत नाही मी, नाहीतर पळतीन."

भर उन्हात स्कूटर हाणत गेलो. मनात एकच गोष्ट: दिनेशला कधी खापरखेड्याहून बोलावणं आलं होतं? दार उघडलं ते दाराएवढ्याच माणसानं. तिथल्या विजेच्या प्लांटवरून नुकताच आलेला.

आतून आवाज आला, "शिक्षावाले सर आले का?"

"कोणाले शिक्षा?" तो गरजला.

"तुमाले!"

मी हसून म्हणालो, "घाबरू नका. पाढ्यांपासून सुरू करू."

"पाढे?" दोघंही एकदम ओरडले.

बाईंनी माझ्यापुढे मोबाइल धरला. माझंच पान मी पहिल्यांदा मराठी डोळ्यांनी वाचलं. 'घरी येऊन उत्तम शिक्षा!' अरे देवा! मी शिक्षण विकत नव्हतो, फटके विकत होतो!

सगळं सांगितलं. तो माणूस इतका हसला, की दिवाण करकरला. मला बसवलं, पोहे दिले. मग बाई म्हणाल्या, "म्हंजे तुमी गणिताचे सर! आमची पोरगी गणितात लई कच्ची हाये."

मी सरसावून बसलो. "मी येतो ना शिकवायला!"

"नाही जी, तुमाले पाहिलं की मलेच हसू येते, पोरगी काय शिकन? थांबा, दुसरं कोणी पाहते." त्यांनी शोधलं. वर कोण? "हे दिनेश सर कसे हायेत जी?"

तोंडात पोहे होते. मान आडवी हलवायची होती. तेवढ्यात ठसका लागला आणि मान खाली-वर, खाली-वर!

"पाहा, सरच हौ म्हणून राहिले!" म्हणत बाईंनी माझ्यासमोर दिनेशला फोन लावला. वर मलाच विचारलं, "रामदासपेठेत कोणत्या गल्लीत जी?"

सांगितलं. नकाशा काढून.